नॅनो औषध येईल, पण रुग्ण वेळेत पोहोचेल का?

दिवाळी सरली की बारामती आणि इंदापूर तालुक्यांतले रस्ते उसाचे होतात. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती अशा कारखान्यांची धुराडी पेटतात आणि टायरगाड्या, ट्रॅक्टर-ट्रॉल्या, ट्रक रात्रंदिवस धावू लागतात. फडात माणसे डोक्यावर मोळी घेऊन अरुंद फळीवरून ट्रकवर चढतात. रस्त्यावर मागचा दिवा नसलेल्या ट्रॉलीवर अंधारात दुचाकी आदळते. उन्हाळा लागला की यारी लावून विहिरींची खोदाई निघते आणि तीस-चाळीस फूट खोल माणसे उतरतात. उंचावरून पडणे आणि रस्त्यावरचा अपघात ही मज्जारज्जूच्या दुखापतीची जगभरातली दोन मोठी कारणे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार अशी दुखापत घेऊन जगणारी माणसे दीड कोटींहून अधिक आहेत.

मणक्याला मार लागलेल्या माणसाचे नातेवाईक डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारतात तो पायांचा. या प्रश्नावर गेल्या दीड दशकात सर्वाधिक उमेद वाढवणारे काम ज्या क्षेत्रांत झाले, त्यांत नॅनोवैद्यक पुढे आहे. दुखापतीनंतर मज्जारज्जूत भडकणारा दाह अतिसूक्ष्म कणांच्या मदतीने आवरता येतो आणि अधू झालेली जनावरे पुन्हा पावले टाकू लागतात, असे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसले आहे. बातमी खरी आहे. मात्र तिच्यातली एक अट मथळ्यात येत नाही. यातले बहुतेक उपचार दुखापतीनंतर काही तासांत, फार तर पहिल्या दिवसात सुरू करावे लागले. म्हणून बारामती-इंदापूरने या संशोधनाचा विचार करायचा तर तो उसाच्या फडापासून आणि महामार्गाच्या कडेपासूनच करावा लागेल.

आधी शरीरात काय घडते ते पाहू. मज्जारज्जू जेमतेम एक ते दीड सेंटिमीटर जाडीचा असतो. मेंदूचे हुकूम हातापायांना पोहोचवणे आणि हातापायांची जाणीव मेंदूकडे नेणे हे त्याचे काम. लघवी आणि शौचावरचा ताबाही त्याच्याच मार्गे. मणका मोडून आत रुतला की त्या क्षणी काही तंतू चिरडतात, बारीक रक्तवाहिन्या फुटतात. ही पहिली इजा. ती झाली ती झाली, तिच्यावर औषध नाही.

दुसरी इजा त्यानंतर सुरू होते. फुटलेल्या पेशींतून ग्लुटामेट हे रसायन बाहेर सांडते आणि शेजारच्या धडधाकट पेशींचा जीव घेते. मज्जारज्जूत कायम मुक्कामाला असलेल्या मायक्रोग्लिया या पहारेकरी पेशी लगोलग सावध होतात आणि रसायने सोडून रक्तातल्या पांढऱ्या पेशींना बोलावतात. काही तासांत न्यूट्रोफिल येऊन दाखल होतात, दोन-तीन दिवसांत मॅक्रोफेजची रीघ लागते. त्यांचे काम मोडतोड उचलण्याचे. पण ती उचलता उचलता त्या जी विकरे आणि जे तीव्र रासायनिक कण सोडतात, त्यांत चांगले तंतूही भाजून निघतात. चोहोबाजूंनी हाड असल्याने सुजेला पसरायला जागा नसते. दाब वाढतो, रक्तपुरवठा कमी होतो, आणखी पेशी मरतात. पुढच्या आठवड्यांत जखमेभोवती चट्टा धरतो आणि माणसाच्या मज्जारज्जूत अनेकदा आत पोकळी उरते.

उसाच्या पट्ट्यातल्या माणसाला यासाठी जळिताचे उदाहरण पुरे. ठिणगी पडते एका सरीत. एकरभर ऊस जातो तो नंतर पसरलेल्या आगीने. ठिणगी पडून गेल्यावर धावाधाव करायची ती उरलेला फड वाचवण्यासाठी.

हे उरलेले वाचवणे किती मोलाचे, हे दोन गोष्टींवरून कळते. जनावरांवरच्या जुन्या प्रयोगांत मज्जारज्जूतले अगदी थोडे, दहाव्या हिश्श्याच्या आसपास तंतू शाबूत राहिले तरी काही प्रमाणात चालणे टिकले. माणसाच्या मानेत तर एकेका पातळीचा हिशेब असतो. मानेतल्या सातव्या पातळीपर्यंतचा मज्जारज्जू वाचला, तर कोपर सरळ करण्याची ताकद राहते आणि माणूस हातांवर भार देऊन खाटेवरून चाकाच्या खुर्चीत स्वतः सरकू शकतो. पाचव्या पातळीलाच सगळे संपले, तर अंगावर पांघरूण ओढायलाही दुसऱ्याचा हात लागतो. दोन पातळ्यांमधले अंतर काही सेंटिमीटरचे असते. पण तेवढ्यावरून घरातल्या आणखी एका माणसाचा रोजगार बुडणार की नाही हे ठरते.

दाह आवरायचा तर स्टेरॉइड द्या, हा विचार जुना आहे. १९९० साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष जाहीर झाले. दुखापतीनंतर आठ तासांच्या आत मिथिलप्रेडनिसोलोनचा प्रचंड डोस दिला तर थोडी सुधारणा जास्त होते, असे त्यांत म्हटले होते. प्रमाण होते वजनाच्या किलोमागे ३० मिलिग्रॅम आणि पुढे २३ तास दर तासाला किलोमागे ५.४ मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाच्या अंगात एका दिवसात नऊ ग्रॅमहून जास्त स्टेरॉइड जाई. जगभर ही पद्धत रूढ झाली. नंतर आकड्यांची फेरतपासणी होत गेली. फायदा तोकडा आणि न्यूमोनिया, जंतुसंसर्ग, पोटातला रक्तस्राव यांचा धोका ठळक दिसू लागला. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या मेंदू शल्यविशारदांच्या संघटनांनी हा डोस देऊ नये असे मार्गदर्शक तत्त्वांत लिहिले. २०१७ मध्ये दुसऱ्या एका आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने आठ तासांच्या आत आलेल्या रुग्णासाठी फक्त २४ तासांचा पर्याय खुला ठेवला. वाद अजून मिटलेला नाही.

स्टेरॉइड सगळ्या अंगात पसरले की काय होते, हे महाराष्ट्राला वेगळे समजावून सांगायला नको. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत अनेक रुग्णांची साखर स्टेरॉइडने वाढली, त्यातून म्युकरमायकोसिसने डोळे आणि जबडे गेले. औषध वाईट नव्हते. ते हवे तिथे थोडे आणि नको तिथे भरपूर पोहोचत होते. नॅनोवैद्यकाचा सगळा खटाटोप हे प्रमाण उलटे करण्यासाठी आहे.

त्याच्या वाटा तीन-चार आहेत. सर्वात सरळ वाट म्हणजे तेच औषध जखमेवर नेऊन ठेवणे. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमध्ये भारतीय वंशाचे संशोधक रवी बेल्लमकोंडा यांच्या गटाने २००९ साली मिथिलप्रेडनिसोलोन पीएलजीए या पदार्थाच्या नॅनोकणांत भरले आणि ते उंदरांच्या जखमी मज्जारज्जूवर जेलच्या थरात ठेवले. कण हळूहळू विरघळत राहिले, औषध झिरपत राहिले, जखमेचा आकार कमी राहिला आणि चालण्यात सुधारणा दिसली. पीएलजीए ही काही गूढ वस्तू नाही. शस्त्रक्रियेत वापरले जाणारे काही विरघळणारे टाके याच जातीच्या पदार्थांचे असतात.

दुसरी वाट इटलीतल्या मिलानच्या मारिओ नेग्री संस्थेतल्या संशोधकांनी चोखाळली. मुरमांवर वर्षानुवर्षे दिले जाणारे मिनोसायक्लिन हे स्वस्त प्रतिजैविक दाहही कमी करते. ते त्यांनी अशा नॅनोकणांत भरले की खवळलेल्या मायक्रोग्लिया आणि मॅक्रोफेजच ते कण गिळतील. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात औषध गेले ते नेमके आग ओकणाऱ्या पेशींत, आणि शेजारच्या पेशी वगळल्या गेल्या.

तिसरी वाट सर्वात चकित करणारी आहे, कारण तिच्यात औषधच नाही. मिशिगन विद्यापीठातले लॉनी शी आणि त्यांचे सहकारी यांनी २०१९ साली जखमी उंदरांच्या शिरेत सुमारे ५०० नॅनोमीटर आकाराचे रिकामे कण सोडले. लाल रक्तपेशीच्या पंधराव्या हिश्श्याएवढे हे कण रक्तातल्या न्यूट्रोफिल आणि मोनोसाइट या पांढऱ्या पेशींना चिकटले. चिकटलेल्या पेशींपैकी बऱ्याच मज्जारज्जूकडे जायच्या ऐवजी प्लीहेकडे वळल्या. जखमेत गर्दी कमी झाली. ज्या पेशी पोहोचल्या त्यांचाही नूर बदलला, मोडतोड करणाऱ्यांपेक्षा दुरुस्तीला हातभार लावणाऱ्या जास्त दिसल्या. उंदरांच्या पायांत हालचाल परतली. मज्जारज्जूला सुई न लावता, हाताच्या शिरेतून देता येईल अशा उपचाराची ही शक्यता आहे. असे कण कोरड्या भुकटीच्या रूपात साठवता येतात. जिथे मेंदूचा शल्यविशारद नाही अशा तालुक्याच्या रुग्णालयासाठी या दोन गोष्टी फार मोठ्या आहेत.

२०२१ मध्ये शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या सॅम्युअल स्टुप यांच्या गटाने आणखी पुढची बातमी दिली. त्यांनी अमिनो आम्लांच्या साखळ्यांपासून बनणारे नॅनोतंतू उंदरांच्या जखमेत एकदाच टोचले. या तंतूंतले रेणू सतत हलत राहतात आणि पेशींना वाढीचा इशारा देत राहतात. इंजेक्शन दुखापतीनंतर २४ तासांनी दिले होते. चार आठवड्यांत उंदीर चालू लागले. चट्टा कमी झाला, रक्तवाहिन्या नव्याने फुटल्या. हे काम दखल घेण्याजोगे होतेच.

तरीही उंदीर आणि ऊसतोड मजूर यांच्यात मोठे अंतर आहे. प्रयोगशाळेत इजा ठरलेल्या जागी, ठरलेल्या जोराने, भूल देऊन केली जाते; इंजेक्शनची वेळ घड्याळ लावून पाळली जाते. रस्त्यावर पडलेल्या माणसाच्या बरगड्या मोडलेल्या असतात, फुप्फुसाला मार असतो, कधी मधुमेह असतो, कधी पोटात दारू असते. उंदराच्या मज्जारज्जूतली जखम भरते तीही वेगळ्या तऱ्हेने. छोट्या जातीच्या उंदरांत तर माणसासारखी पोकळीही उरत नाही. दाह पूर्ण दडपला तर मोडतोड उचलायला कोणी उरत नाही, म्हणून कोणत्या पेशी किती दिवस रोखायच्या याचे गणित माणसात नव्याने मांडावे लागेल. मज्जारज्जू दुखावलेल्या माणसाची प्रतिकारशक्ती मुळातच घसरते; त्यात पांढऱ्या पेशी भलतीकडे वळवल्या तर न्यूमोनिया आणि लघवीचा संसर्ग टपलेलेच असतात. काही नॅनो औषधांनी शिरेतून देताना ॲलर्जीसारखी तीव्र प्रतिक्रिया येते, हेही कॅन्सरच्या औषधांवरून माहीत आहे. मज्जारज्जूतला दाह आवरण्यासाठी रुग्णालयाच्या कपाटातून काढून द्यावे असे कोणतेही मान्यताप्राप्त नॅनो औषध आज नाही.

ही सावधगिरी बारामती-इंदापूरच्या शेतकऱ्याला वेगळ्या अनुभवातून ठाऊक आहे. २०२१ मध्ये नॅनो युरिया बाजारात आला तेव्हा अर्ध्या लिटरची बाटली युरियाच्या गोणीची जागा घेईल असे सांगितले गेले. पुढे पंजाब कृषी विद्यापीठाच्या चाचण्यांत भात आणि गव्हाचे उत्पादन घटलेले आढळले आणि वाद पेटला. कणाचा आकार लहान असणे ही स्वतःहून गुणवत्ता ठरत नाही. तो कुठे जातो, काय करतो आणि किती काळ टिकतो हे शेतात किंवा रुग्णात मोजावेच लागते. बारामतीजवळ माळेगावलाच राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. २००९ साली सुरू झालेल्या या केंद्रीय संस्थेत माशांच्या खाद्यात सेलेनियम आणि जस्ताचे नॅनोकण घालून तापमान आणि प्रदूषणाचा ताण कमी होतो का, याचे रीतसर प्रयोग झाले आहेत. नॅनोकण या मातीला परके नाहीत, त्यांची शिस्तशीर तपासणीही परकी नाही.

आणि महाराष्ट्रालाही नॅनो औषध प्रयोगशाळेतून रुग्णापर्यंत आणण्याचा अनुभव आहे. म्युकरमायकोसिसच्या काळात घरोघरचे लोक ज्या इंजेक्शनसाठी वणवण फिरले, ते लायपोसोमल अँफोटेरिसिन हे नॅनो औषधच होते. मेदाच्या अतिसूक्ष्म गोळ्यांत बसवल्यामुळे ते साध्या अँफोटेरिसिनपेक्षा मूत्रपिंडाला कमी इजा करते. या प्रकारचे भारतीय औषध मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या नेतृत्वाखाली १९९० च्या दशकातच विकसित आणि तपासले जात होते. सरकारी रुग्णालयातल्या रुग्णांना परदेशी औषधाची किंमत परवडत नव्हती, ही त्यामागची निकड होती. अलीकडचे उदाहरण पुणे जिल्ह्यातलेच आहे. हिंजवडीच्या जिनोव्हा कंपनीच्या एमआरएनए लशीला जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. मेदजन्य नॅनोकणांच्या आधारे शरीरात जाणारी ही लस उणे तापमानाच्या फ्रीजरशिवाय, साध्या २ ते ८ अंशांत ठेवता येते. केंद्र सरकारने नॅनो औषधांच्या तपासणीची मार्गदर्शक तत्त्वे २०१९ मध्येच जाहीर केली आहेत. म्हणजे कारखाना, शास्त्रज्ञ आणि नियम तिन्ही आहेत.

कमी पडतो तो रस्ता. बारामतीहून पुणे शंभर किलोमीटर, इंदापूरहून सव्वाशेच्या पुढे. इंदापूरच्या पूर्वेकडच्या गावांना सोलापूरही तितकेच लांब. मज्जारज्जूवरचा दाब शस्त्रक्रियेने २४ तासांच्या आत काढला तर सुधारणा जास्त होते, हे आता बऱ्यापैकी पक्के झाले आहे. १,५४८ रुग्णांची माहिती एकत्र करून २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिल्या २४ ते ३६ तासांतच फायदा झपाट्याने ओसरताना दिसला. यासाठी नॅनो तंत्रज्ञान लागत नाही. लागते ती साखळी: फडातून रस्त्यापर्यंत, रस्त्यावरून तालुक्याच्या रुग्णालयात, तिथून तपासणी होऊन योग्य शल्यविशारदाकडे. उद्या नॅनो औषध आले तर तेही याच साखळीतून रुग्णापर्यंत जाईल. ती आज सहा-आठ तासांवर अडकत असेल, तर परदेशात यशस्वी झालेले इंजेक्शन इथे उशिराचे इंजेक्शन ठरेल.

साखळीची पहिली कडी सर्वात कच्ची आहे. फडात किंवा रस्त्यावर माणूस पडला की धावून येणारे लोक मायेने येतात, आणि एक जण काखेत, दुसरा पायांत हात घालून त्याला उचलतात, जीपच्या मागच्या बाकावर बसवतात. मोडलेला मणका वाकतो आणि जे तंतू वाचले होते ते तिथे तुटू शकतात. करायचे ते अवघड नाही. माणूस शुद्धीवर असेल तर हलू नकोस म्हणून सांगायचे, डोके दोन्ही हातांनी स्थिर धरायचे, १०८ ला फोन लावायचा. हलवणे भागच असेल तर चौघांनी डोके, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून त्याला एकदम कुशीवर वळवायचे आणि खाली सपाट फळी सरकवायची. ज्या फळीवरून मोळ्या ट्रकवर चढतात, तशी फळी ऊसतोडीच्या प्रत्येक टोळीजवळ असतेच. रुग्णालयात पोहोचताच मात्र कठीण फळी काढून घ्यायला हवी. ज्याला जाणीवच नाही त्याच्या पाठीला काही तासांत जखम होते आणि ती महिनोन्महिने भरत नाही.

राज्यात १०८ ची सेवा २०१४ पासून ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झाली. वारीच्या दिवसांत तिचा कस लागतो आणि ती उतरतेही. संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून बेलवडीचे रिंगण करून इंदापूरकडे जाते तेव्हा वाटेवर ठिकठिकाणी दवाखाने, रुग्णवाहिका, डॉक्टर उभे असतात. लाखोंच्या गर्दीत हे जमते, कारण आधी नकाशा मांडून कोण कुठे उभे राहील हे ठरवले जाते. गाळप हंगाम पाच-सहा महिने चालतो. उसाची वाहने कोणत्या रस्त्यांनी, किती वाजता धावतात हे कारखान्याच्या शेती विभागाला पाठ असते. तोच नकाशा रुग्णवाहिकांच्या थांब्यांसाठी वापरण्यात काय अडचण आहे, याचे उत्तर जिल्हा प्रशासनाने आणि कारखान्यांनी मिळून द्यायला हवे.

दुसरी कडी तालुक्यातली रुग्णालये. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आज ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने ओळखले जाते. इंदापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे. मज्जारज्जूच्या प्रत्येक रुग्णाची पहिल्या तासातली तपासणी, कोणत्या पातळीखाली जाणीव गेली, गुदद्वाराजवळ स्पर्श कळतो का, बोट हलते का, ही ठरावीक तक्त्यात लिहिली गेली पाहिजे. अपघात किती वाजता झाला, रुग्ण किती वाजता पोहोचला, पुढे कुठे आणि कधी गेला, सहा महिन्यांनी कसा आहे, हे नोंदले गेले पाहिजे. नॅनो औषधाची मानवी चाचणी भारतात झाली तर ती अशी नोंदवही असलेल्या ठिकाणीच होऊ शकते. जिथे दुखापतीची वेळच कोणी लिहीत नाही तिथे वेळेवर अवलंबून असलेल्या औषधाची परीक्षा कशी घेणार? बारामतीच्या विद्यार्थी डॉक्टरांना हे काम देता येईल, आणि ग्रामीण भागातल्या अपघातांची अशी माहिती देशाच्या उपयोगी पडेल.

खर्चाचा प्रश्न खरा आहे, पण तो पूर्वीएवढा अडून बसलेला नाही. रस्ते अपघातातल्या जखमींसाठी केंद्राची विनारोकड उपचार योजना मे २०२५ मध्ये लागू झाली. अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांची मर्यादा तिच्यात आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचे कवच कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत वाढले. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात योजनेत मृत्यू किंवा दोन अवयव गमावल्यास दोन लाख मिळतात. ही सगळी मदत पहिल्या काही दिवसांसाठी किंवा एकरकमी आहे. कमरेखाली लुळा पडलेला पंचविशीतला तरुण पुढे तीस-चाळीस वर्षे जगू शकतो. त्याला लघवीच्या नळ्या, गादी, चाकाची खुर्ची, फिजिओथेरपी आणि काम लागते.

हे आयुष्य उभे करता येते याचे दाखले महाराष्ट्रातच आहेत. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जखमी झाले, एक गोळी मणक्यात अडकली. सात वर्षांनी, १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला त्यांनी पोहण्यात भारताचे पहिले पॅरालिम्पिक सुवर्णपदक जिंकले. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे सोळाव्या वर्षी कमरेखालचे शरीर लुळे पडले; त्यांनी १९८४ मध्ये हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली. पुण्यात खडकीला जवानांसाठी पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था १९५५ पासून काम करते. सैनिकाला जे खडकीत मिळते तसे ऊसतोड मजुराला कुठे मिळते? हा मजूर बहुधा बीड किंवा अहिल्यानगरकडचा असतो. उपचारांनंतर तो गावी परततो, आणि तिथे बेडसोअर आणि मूत्रपिंडाचा संसर्ग त्याची वाट पाहत असतात. नॅनो औषधाने त्याचे दहा टक्के तंतू वाचवले तरी ते तंतू कामाला लावायला महिनोन्महिने व्यायाम लागेल. स्टुप यांचे उंदीर मोकळ्या पिंजऱ्यात फिरत होते. खाटेवर पडून राहिलेल्या माणसाचे स्नायू आखडतात आणि सांधे धरतात.

याच पोकळीत आशेचा धंदा सुरू होतो. मूळपेशींचे इंजेक्शन, विदेशी थेरपी, आणि आता नॅनो अशा नावांनी लाखो रुपये सांगितले जातात. शेत विकून लोक ते भरतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मज्जारज्जूच्या दुखापतीवर मूळपेशी हा नेहमीचा उपचार म्हणून विकता येत नाही, तो नोंदणीकृत चाचणीतच द्यायचा असतो, आणि चाचणीत सहभागी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. नॅनोलाही हीच कसोटी लावावी. कोणी पैसे मागून प्रयोग करत असेल, तर नातेवाइकांनी चाचणीचा नोंदणी क्रमांक मागावा आणि तो भारतीय क्लिनिकल चाचणी नोंदणीच्या संकेतस्थळावर पडताळावा. ही नोंदणी कोणालाही फुकट पाहता येते.

करायच्या गोष्टी मोजक्या आहेत. बारामतीच्या एमएच ४२ पासिंगच्या असोत वा बाहेरून आलेल्या, प्रत्येक ट्रॉलीला परावर्तक पट्टी आणि मागचा दिवा असल्याशिवाय कारखान्याच्या काट्यावर वजन होऊ नये. प्रत्येक टोळीच्या मुकादमाला आणि दोन मजुरांना हंगामाच्या सुरुवातीला मणक्याच्या रुग्णाला उचलण्याचे अर्ध्या दिवसाचे शिक्षण द्यावे. वैद्यकीय महाविद्यालय ते देऊ शकते. बारामती आणि इंदापूरच्या रुग्णालयांनी समान नोंदवही सुरू करावी आणि पुण्यातल्या मज्जारज्जूच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयांशी थेट फोनची व्यवस्था ठेवावी, म्हणजे रुग्ण वाटेत असतानाच शस्त्रक्रियागृह तयार राहील. पुनर्वसनासाठी किमान काही खाटा, एक फिजिओथेरपिस्ट आणि लघवीची काळजी शिकवणारी परिचारिका बारामतीत हवी.

पैसा कुठून, असे विचारले जाईल. ऊसतोड कामगारांच्या कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी गाळलेल्या उसावर टनामागे १० रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारने घालायचे, असे ठरलेले आहे. दहा लाख टन गाळणाऱ्या एका कारखान्यामागे ही रक्कम सरकारी वाटा धरून दोन कोटी होते. मानेचा पट्टा आणि रुग्ण उचलण्याची, बांधायचे पट्टे असलेली फळी यांचा संच काही हजारांत मिळतो. पुढचे गाळप सुरू होण्याआधी महामंडळाने या दोन तालुक्यांतल्या टोळ्यांसाठी असे संच आणि शिक्षण यांची तरतूद करावी, आणि हंगाम संपल्यावर किती रुग्ण किती तासांत पोहोचले याचा आकडा जाहीर करावा.